गाळाची रेघ पुसली जाण्याआधी : सोलापूरच्या पूर-नकाशाबद्दल खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, सोलापूर
मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका

विषय : पुराचं पाणी कुठे, किती आणि कधी आलं याचा नकाशा नागरिकांच्या मदतीने, मोजमापासह व सर्वांना खुला राहील असा तयार करण्याबाबत.

महोदय,

पंढरपुरात पुंडलिकाच्या देवळाला पाणी लागलं म्हटलं, की चंद्रभागा किती चढली ते अख्ख्या गावाला कळतं. आकडा सांगावा लागत नाही. सोलापूर शहराजवळ अशी खूण नाही. इथे संदेश येतो तो ‘शेळगीत पाणी शिरलं’ एवढाच. शेळगीत नेमकं कुठे, घोट्याएवढं की छातीएवढं, आत्ता की काल रात्री, हे त्यात नसतं. मग तोच संदेश शंभर गटांत फिरतो आणि नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला शंभर ठिकाणी पाणी शिरल्यासारखं वाटतं.

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीचं पाणी पसरलं आणि पुण्याकडचा महामार्ग लांबोटीजवळ, विजयपूरकडचा हत्तूरजवळ बंद करावा लागला. नदीकाठच्या गावांचं काय झालं ते निदान वरून दिसत तरी होतं. शहरातल्या नाल्यांचं तसं नाही. हिप्परगा तलाव भरून वाहू लागला की ते पाणी आदिला नदीतून शहराकडे येतं, आणि त्याच वेळी शहरातला पाऊस नाल्यांतून तिकडेच धावत असतो. दोन्ही पाणी कुठे भेटलं आणि किती उंच चढलं, हे त्या-त्या बोळातल्या माणसांना ठाऊक असतं. कागदावर ते कुठेच नसतं. घराला रंग दिला की भिंतीवरची रेघही जाते.

आमची मुख्य मागणी एकच आहे. पुरानंतर पंचनाम्याला जे कर्मचारी दारोदार जातात, त्यांच्या फॉर्ममध्ये दोन रकाने वाढवा : घराचा नकाशावरचा बिंदू आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेची उंची. बाकीचं काम, म्हणजे नकाशाचा पाया काढणं, तपासणं, छापणं, नागरिक करू शकतात. ते कसं करायचं, कुठे चुकतं आणि प्रशासनाने कुठे हात द्यायचा, हे सांगण्यासाठी हे पत्र लांबलं आहे.

आधी पायाचं बोलू. ओपनस्ट्रीटमॅप हा 2004 मध्ये इंग्लंडात सुरू झालेला खुला नकाशा. कुणीही त्यात भर घालू शकतो, कुणीही त्याची माहिती उतरवून घेऊन छापू शकतो. आपण मोबाइलवर रोज वापरतो त्या कंपन्यांच्या नकाशांतून माहिती बाहेर काढून आपल्या कामाला लावता येत नाही, आणि त्यांच्यावरून नावं-रस्ते उतरवून घेणं परवान्याच्या विरुद्ध आहे. हा फरक आपत्तीत जीवघेणा ठरतो. 12 जानेवारी 2010 ला हैतीत भूकंप झाला, तेव्हा राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा वापरण्याजोगा खुला नकाशा जवळपास नव्हताच. उपग्रह कंपन्यांनी ताजी चित्रं खुली केली, जगभरच्या शेकडो स्वयंसेवकांनी थोड्याच दिवसांत रस्ते, छावण्या, इमारती काढल्या आणि बचाव पथकांनी तोच नकाशा हातातल्या जीपीएस यंत्रांत भरून घेतला. काठमांडूचं वेगळं. तिथल्या तरुणांनी 25 एप्रिल 2015 च्या भूकंपाच्या आधीच शाळा, दवाखाने, रस्ते नोंदवायला घेतलं होतं. भूकंपानंतर बाहेरून हजारो हात आले तेव्हा त्यांना टेकायला पाया होता, आणि स्थानिक नाव कुठलं, रस्ता खरा कुठला, हे सांगायला गावातली माणसं होती. सोलापूरने काठमांडूसारखं वागावं. आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरात असतो, म्हणजे उन्हाळ्याचे कोरडे महिने हाताशी आहेत.

लांबून, संगणकावर बसून जे काढता येतं ते असं : उपग्रहचित्र मागे लावून घरं, रस्ते, नाले, तलाव रेखायचे. शहराचे चौकोन पाडायचे. एका माणसाने एक चौकोन घ्यायचा. कामाची वाटणी करणाऱ्या संकेतस्थळावर त्याचं काम चालू असेपर्यंत तो चौकोन दुसऱ्याला उघडत नाही, दोन तासांनी कुलूप आपोआप निघतं. काम झालं की दुसऱ्या, अनुभवी माणसाने तो तपासायचा. साखर पेठ, जोडभावी पेठेसारख्या दाट वस्तीत चौकोन 200 मीटरपेक्षा मोठा ठेवू नये. मोठा ठेवला की लोक तो अर्धवट सोडतात, आणि अर्धवट चौकोन रिकाम्या चौकोनापेक्षा वाईट. नकाशा बघणाऱ्याला वाटतं, उरलेल्या अर्ध्यात घरंच नाहीत.

चुका ठरावीक आहेत. पहिली, चित्राचं सरकणं. उपग्रहचित्र जमिनीशी तंतोतंत जुळलेलं नसतं, कधी पाच-दहा मीटर सरकलेलं असतं. काम सुरू करण्याआधी दोन-तीन पक्क्या जागा, उदाहरणार्थ भुईकोट किल्ल्याच्या तटाचा कोपरा किंवा पार्क मैदानाची कड, जमिनीवरून केलेल्या जीपीएस नोंदींशी जुळवून घ्यायच्या आणि सगळ्यांनी तोच फरक वापरायचा. दुसरी, छप्पर आणि पाया यांचा घोळ. उंच इमारत चित्रात कलंडलेली दिसते. छपराची आकृती काढून ती पायापाशी ओढून आणायची असते, नवखे तशीच सोडतात. तिसरी चूक आपल्या मुलखाची खास आहे. माळवदाचं घर. मातीचं छप्पर आणि शेजारची मोकळी जमीन यांचा रंग वरून एकच दिसतो. दूर देशातला स्वयंसेवक पत्र्याचं घर लगेच ओळखतो, माळवद त्याच्या नजरेतून सुटतं. सुटतात ती नेमकी जुनी, मातीच्या भिंतींची, पुरात सगळ्यात आधी ढासळणारी घरं. ओळखायची खूण सावली : माळवदाच्या एका कडेला सरळ काळी रेघ पडते, मोकळ्या जमिनीला पडत नाही. हे शिकवायला दहा मिनिटं लागतात, पण शिकवावं लागतं.

पेठांतली घरं पाठीला पाठ लावून आहेत. तिथे सगळा ठोकळा एकच इमारत म्हणून काढला जातो आणि वीस कुटुंबांचं एक घर होतं. आधी बाहेरची कड काढून मग आतून कापत जावं. रस्त्यांच्या बाबतीत चूक डोळ्यांना दिसतच नाही : दोन रेषा एकमेकींना टेकलेल्या दिसतात पण गाठ बसलेली नसते. नकाशावर रस्ता सलग दिसतो, पण मार्ग शोधणारं अ‍ॅप रुग्णवाहिकेला तीन किलोमीटरचा वळसा सांगतं. तुटलेली तार मागावरच सांधावी लागते, कापड उतरल्यावर नाही. ही तपासणी आपोआप करणारी साधनं फुकट मिळतात, ती दर आठवड्याला चालवलीच पाहिजेत.

नाला काढताना रेषा पाणी वाहतं त्या दिशेने काढायची. उलटी काढली तर पुढची सगळी गणितं उलटी. नाला रस्त्याखालून जातो तिथे रेषा दोन्ही कडांना तोडून मधला तुकडा ‘मोरी’ म्हणून, रस्त्याच्या खालच्या थरात दाखवायचा. तसं केलं नाही तर संगणक रस्त्याला बांध समजतो किंवा नाला तिथेच संपला असं धरतो. मोरी आत कशी आहे हे मात्र कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही. तिथे टेप घेऊन माणसानेच उतरायचं.

मोरीची नोंद अशी असावी : किती नळ, प्रत्येकाचा आतला व्यास, चौकोनी असेल तर रुंदी-उंची, रस्त्यापासून तळापर्यंतची खोली, आणि तळाला गाळ किती. शेवटचा आकडा सगळे वगळतात. 900 मिलिमीटरच्या नळाचं तोंड साधारण 0.64 चौरस मीटर असतं, मध्यापर्यंत गाळ भरला की ते निम्मं राहतं. दुसरी गल्लत नळ बदलताना होते. 900 चा एक नळ काढून 450 चे दोन टाकले तर ‘तेवढंच झालं’ असं वाटतं. तेवढं होत नाही. 450 च्या एका नळाचं तोंड 0.16 चौरस मीटर, म्हणजे दोन मिळून निम्मंच. लहान नळात पाण्याचं घर्षण जास्त, त्यामुळे वाहणारं पाणी निम्म्याहूनही कमी. याशिवाय मोरीच्या तोंडातून आडवी गेलेली पाण्याची पाइपलाइन किंवा केबल असेल तर तीही लिहावी. प्लास्टिक आणि जलपर्णी तिथेच अडकते, आणि धड मोठी मोरी पहिल्या तासात बुजते. नालेसफाईच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, दोन्ही मापं घेतली तर सफाई किती झाली याचाही हिशेब आपसूक मिळतो. आमचा हेतू कुणाला पकडण्याचा नाही. पुढच्या पावसात कुठली मोरी आधी तुंबेल हे आजच कळावं, एवढ्यासाठी ही मापं.

आता नावं. परगावचा माणूस छप्पर काढू शकतो, नाव घालू शकत नाही. विजापूर वेस, तुळजापूर वेस, बाळी वेस : वेशीची कमान आज दिसो न दिसो, पत्ता तोच सांगितला जातो. विडी घरकुलात लोक ग्रुपच्या अक्षराने पत्ता सांगतात. पूर्वभागात घरी तेलुगू, दुकानात मराठी, अक्कलकोट रस्त्याकडे कानडी. घाबरलेला माणूस फोनवर घरचंच नाव घेतो. म्हणून प्रत्येक जागेला पाटीवरचं नाव मुख्य रकान्यात, लोकांच्या तोंडचं नाव पर्यायी नावाच्या रकान्यात, तेलुगू-कानडी नावं त्यांच्या त्यांच्या लिपीत, आणि जुनं नाव वेगळं, असं सगळं भरावं. एकाच नावाची नगरं दोन-तीन ठिकाणी सापडतात. तिथे शेजारचा चौक किंवा देऊळ नोंदवलं नाही तर गाडी भलतीकडे जाते.

सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती पाण्याच्या रेघेची. आकडा येतो तो तिच्यातूनच.

पाणी ओसरल्यावर भिंतीवर दोन खुणा दिसतात. वरची ओलीची, खालची गाळाची. वीट, माती, गिलावा पाणी वर ओढतात, त्यामुळे ओल खऱ्या पातळीच्या वर वीतभर, कधी हातभर चढलेली असते. घाईत माणूस ओल मोजतो आणि आकडा फुगतो. मोजायची ती गाळाची रेघ : बारीक मातीची, काडीकचऱ्याची, कधी तेलकट पट्ट्याची. बाहेरच्या भिंतीपेक्षा आतली भिंत बरी, कारण पाण्यातून एखादा ट्रॅक्टर गेला तरी बाहेर लाट उसळून रेघ वर-खाली होते. जिन्याखाली, दाराच्या मागे, कपाटामागे पाणी शांत उभं राहिलेलं असतं, तिथली रेघ सुईसारखी सरळ सापडते. टेपचं टोक उंबऱ्यावर ठेवू नये. दोन मापं घ्यावीत : दारासमोरच्या रस्त्यापासून रेघेपर्यंत आणि त्याच रस्त्यापासून घरातल्या फरशीपर्यंत. दुसरं पहिल्यातून वजा केलं की घरात किती पाणी होतं ते मिळतं, आणि जोतं किती उंच असतं तर घर वाचलं असतं हेही कळतं. फोटो दोन : एक टेपचा आकडा वाचता येईल इतका जवळून, एक घराचं दार आणि नंबर दिसेल इतका लांबून. पाणी घरात शिरल्याची वेळ आणि सर्वांत जास्त असल्याची वेळ घरच्यांना विचारून लिहावी. ‘पहाटे’ असं न लिहिता ‘नळाला पाणी यायच्या आधी’, ‘पहिल्या नमाजाच्या सुमारास’ असं जे ते सांगतील तेच लिहावं, तासात रूपांतर नंतर करता येतं. एका बोळात किमान तीन रेघा घ्याव्यात. दोन जुळल्या आणि एक वेगळी आली तर वेगळी पुन्हा मोजावी.

फोनचं जीपीएस उंचीसाठी वापरू नका. आडव्या जागेत मोकळ्या आकाशाखाली पाचेक मीटरची चूक असते, अरुंद बोळात ती दुप्पट-तिप्पट होते. उंचीत त्याहून वाईट. शिवाय काही फोन समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतच नाहीत, एका गणिती पृष्ठभागापासूनची दाखवतात, आणि आपल्या भागात या दोन्हींत कित्येक दहा मीटरचं अंतर आहे. उपग्रहावरून केलेली उंचीची फुकट मिळणारी चित्रं 30 मीटरच्या चौकटीत असतात. एका चौकटीत अख्खा बोळ, दोन्हीकडची घरं आणि नाला मावतो. दोन फुटांचा फरक त्यांत शोधू नये.

याला गवंड्याची नळी पुरते. लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी, 15 मीटर लांबीची. एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्याने ओढून पाणी भरायचं, बुडबुडा एकही राहू द्यायचा नाही. बुडबुडा राहिला की दोन टोकांची पातळी वेगळी दिसते आणि चूक कळत नाही. नळीचं एक टोक घरातल्या रेघेला लावायचं, दुसरं बाहेरच्या भिंतीला, तिथे पेन्सिलची खूण करून पुढे. असं करत जवळच्या पुलाच्या कठड्यावर किंवा शाळेच्या भिंतीवर पातळी आणून तिथे ऑइलपेंटने बोटभर रुंद पट्टी मारायची, खाली तारीख. पावसाळ्यानंतर महापालिकेच्या सर्वेक्षकाने लेव्हल यंत्राने त्या पट्ट्या एकमेकींशी जोडून दिल्या की शहराला पुंडलिकाच्या देवळासारख्या पन्नास खुणा मिळतील.

पाणी चढत असतानाचा नकाशा वेगळा. तो ओपनस्ट्रीटमॅपमध्ये काढायचा नाही, त्याच्यावर ठेवलेल्या वेगळ्या पातळ थरात काढायचा. उत्साहात लोक मूळ नकाशातला पूल पुसतात किंवा रस्ता ‘बंद’ करून टाकतात. लोकांच्या फोनमधले ऑफलाइन नकाशे काही आठवड्यांनी नवे होतात, म्हणजे पूर ओसरून महिना झाला तरी कुणाच्या तरी फोनवर तो पूल नसतोच. 2015 च्या चेन्नईच्या पुरात लोकांनी वरच्या थरात बुडालेले रस्ते एकेक टिचकी मारून दाखवले. पद्धत तीच ठेवावी.

त्या वेळचा फॉर्म चार प्रश्नांपेक्षा मोठा नको. जागा, पाणी किती, वेळ, आणि तिथून कोण जाऊ शकतं : पायी, दुचाकी, ट्रॅक्टर की फक्त बोट. पाणी घोटा, गुडघा, कंबर, छाती असंच विचारावं, सेंटिमीटर विचारले की लोक अंदाज ठोकतात. गुडघा म्हणजे साधारण अर्धा मीटर, कंबर म्हणजे जवळजवळ एक, एवढं धरून चालतं. वाहतं आहे की साचलेलं, हे नक्की विचारावं. जोराच्या धारेत 15 सेंटिमीटर पाणीही मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं, 30 सेंटिमीटरमध्ये छोटी मोटार वाहू शकते. प्रत्येक नोंद तीन तासांनी फिकी झाली पाहिजे, कुणी पुन्हा ‘अजून आहे’ म्हटलं तरच गडद. जुन्या नोंदी पुसू नयेत, बंद कराव्यात. नंतर पाणी कसं चढलं हे त्यांच्यावरूनच कळतं.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल दोन गोष्टी लोकांपर्यंत पोहोचवाव्यात. तिथे फोटो नेहमीसारखा पाठवला की त्यातली जागेची माहिती गळून पडते, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर टिकते. आणि लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त आठ तास चालतं. रात्री दहाला पाठवलेलं सकाळी सहानंतर मुकं होतं. अडकलेल्या माणसाने त्याच्याबरोबर साधं, स्थिर लोकेशनही पाठवावं.

अडकलेल्यांची नावं आणि फोन नंबर खुल्या नकाशावर कधीही टाकू नयेत. 2018 च्या केरळच्या पुरात मदतीची एकच विनंती अनेक हातांतून पुन्हा पुन्हा नोंदली गेली आणि सुटका झालेल्यांनाही फोन जात राहिले. खुल्या थरात फक्त बिंदू आणि क्रमांक असावा. नाव-नंबर 1077 च्या नियंत्रण कक्षाकडेच असावेत. बाई एकटी आहे, म्हातारी माणसं आहेत, असली माहितीही खुल्या थरात नको.

वरून नुकसान मोजण्याचा मोह टाळा, ही कळकळीची विनंती. हैतीत मजल्यावर मजला बसलेली इमारत वरून धड दिसत होती, कारण छप्पर जागेवर होतं. 2013 च्या हैयान वादळानंतर फिलिपिन्समध्ये स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून लावलेल्या पडझडीच्या खुणा नंतर जमिनीवर तपासल्या गेल्या, तेव्हा त्या भरवशाच्या निघाल्या नाहीत. पुरात तर छप्पर बहुतेक वेळा उभंच असतं. पांढऱ्या मातीची भिंत पाण्यात उभी राहते आणि ऊन पडल्यावर, वाळताना तडकून दोन-चार दिवसांनी खाली येते. म्हणून पंचनाम्याची फेरी पाणी ओसरल्या ओसरल्या एकदाच झाली तर अशी घरं ‘अंशतः’च्या रकान्यात अडकून राहतात. मातीच्या भिंतीच्या घरांवर नकाशात वेगळी खूण करून आठवड्याने पुन्हा जावं. त्या कुटुंबांच्या दृष्टीने सगळ्या नकाशातली ही एकच खूण महत्त्वाची आहे.

उपग्रह कुठे उपयोगी? सीनाकाठी मोहोळ, माढ्याच्या शेतांवर. सेंटिनेल-1 हा रडारचा उपग्रह ढगांतून, रात्रीही बघतो, त्याची चित्रं फुकट आहेत आणि त्यात एक ठिपका 10 मीटरचा असतो. शेतात साचलेलं पाणी त्यात काळं दिसतं. शहरात ही युक्ती फसते. पाण्यावरून आणि मग भिंतीवरून आपटून लहर परत येते, आणि बुडालेला बोळ उलट उजळ दिसतो. ड्रोनचंही थोडक्यात : होटगी रस्त्यावरचं विमानतळ शहराला लागूनच आहे, त्यामुळे डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर त्या जागेचा रंग बघितल्याशिवाय आणि परवानगीशिवाय उडवू नये. पोलिसांकडे किंवा आपल्याकडे परवानगी असलेला ड्रोन असेल तर पुढचा फोटो मागच्यावर 80 टक्के आणि बाजूच्या ओळीतला 70 टक्के येईल असे फोटो काढून द्यावेत. जोडून नकाशा करणं फुकटच्या साधनांनी होतं.

सोलापूरची खास अशी एक गोष्ट सांगायची राहून जाऊ नये. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून घरोघरी जमिनीतला हौद असतो. पूर घरात शिरला की चार दिवसांचं प्यायचं पाणी पहिल्या तासात नासतं. म्हणून नकाशात निवारा म्हणून निवडलेल्या शाळांबरोबर बोअर, हातपंप आणि टँकर भरायच्या जागा त्यांच्या ओट्याच्या उंचीसह हव्यात. निवाऱ्याच्या नोंदीत खोल्या, स्वच्छतागृहं, जोत्याची उंची, टँकर दारापर्यंत जातो का, एवढं पाहिजे. विजेच्या डीपीची जमिनीपासूनची उंचीही. पाणी त्याच्या किती खाली आहे हे कळलं तरच लाइन कधी बंद करायची ते ठरतं.

आपल्याकडून हवं ते असं. प्रभागांच्या हद्दी, नाले, पावसाळी गटारं आणि पंपिंग स्टेशनांचे नकाशे स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये नकोत, संगणकाला वाचता येतील अशा फाइलमध्ये द्यावेत. सोबत ‘ही माहिती ओपनस्ट्रीटमॅपमध्ये त्याच्या परवान्याखाली वापरता येईल’ असं सहीशिक्क्याचं पत्र. पत्र नसेल तर प्रामाणिक स्वयंसेवक ती माहिती वापरूच शकत नाही, आणि कुणी वापरली तर ती नंतर काढून टाकावी लागते. दुसरं, प्रत्येक झोनला एक पद नेमावं, व्यक्ती नव्हे, कारण बदली झाली की व्यक्ती जाते. शंका आली तर ‘हा नाला बुजवलाय की झाकलाय’ हे त्या पदावरच्या माणसाने आठवड्यात सांगावं. तिसरं, नियंत्रण कक्षात हाच नकाशा कागदावर. 500 मीटरचे चौकोन, प्रत्येकाला देवनागरी अक्षर आणि आकडा, ए-3 आकाराच्या पानांवर, प्लास्टिकच्या कव्हरात. अग्निशमन दल, पोलीस ठाणी आणि शासकीय रुग्णालयाकडे त्याच्याच प्रती. वीज गेली, टॉवर बंद पडला तरी ‘फ-7’ म्हटलं की दोन्हीकडे एकच पान उघडेल. आवृत्तीची तारीख प्रत्येक पानावर मोठ्या अक्षरात हवी. वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे हातात घेऊन बोलणारी दोन माणसं एकमेकांची दिशाभूल करतात.

मनुष्यबळाची अडचण नाही. विद्यापीठ आणि महाविद्यालयांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना दोन दिवसांचं प्रशिक्षण पुरतं : पहिला दिवस संगणकावर, दुसरा नाल्यावर. पाच जणांची तुकडी असावी. एक टेपला, एक वाचायला, एक लिहायला, एक फोटोला आणि एक रहदारीकडे लक्ष ठेवायला. मोरीत उतरायचं असेल तर आकाश स्वच्छ असताना, झाकलेल्या नाल्यात कधीच नाही : आत वायू साठलेला असतो. तिथली मापं महापालिकेच्या सुरक्षा साधनं असलेल्या पथकानेच घ्यावीत.

नालेसफाईच्या कामाचं प्रभागवार वेळापत्रक काम सुरू होण्याच्या आठवडाभर आधी जाहीर करावं. ज्या दिवशी ज्या मोरीवर मशीन लागेल, त्या दिवशी टेप आणि वही घेऊन तुकडी तिथे हजर राहील. सुरुवात आदिलेवरच्या मोऱ्यांपासून करावी.

आपले,
सोलापूर शहरातील नकाशा-स्वयंसेवक